रडारवर वीज शोधायची तर आधी उंची बघा

जुलैत कोकणावर रडारच्या नकाशात तासन्‌तास पिवळा-लाल रंग असतो, पण विजा त्या मानाने फार कमी होतात. मे महिन्यात विदर्भात तोच रंग जेमतेम एका तालुक्याएवढ्या ठिपक्यात उमटतो आणि त्याखाली वीज पडून माणसं, गुरं दगावतात. फरक आहे तो हा रंग ढगात किती उंचीवर आहे याचा.

ढगात विद्युतभार साठतो तो मुख्यतः उणे १० ते उणे २५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात. तिथे शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब असतात. ते बर्फाच्या कणांवर थिजत गेले की भुसभुशीत गारकण बनतात. वर चढणारे हलके हिमस्फटिक या गारकणांवर आपटतात आणि प्रत्येक धडकेत भार वाटला जातो: बहुतेक वेळा गारकण ऋण, स्फटिक धन. जड गारकण मधल्या थरात राहतात, स्फटिक माथ्याकडे जातात. यासाठी हवेचा जोरदार झोत वर जावा लागतो. कोकणातल्या मोसमी ढगांत तो सहसा कमकुवत असतो. बरंचसं पाणी शून्य अंशाच्या पातळीखालीच थेंब होऊन पडून जातं.

रडारला विद्युतभार दिसत नाही, कण दिसतात. व्यास दुप्पट झाला की परावर्तन ६४ पट होतं. पण तेवढ्याच आकाराचा बर्फ पाण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकंच परावर्तन देतो. म्हणून इतक्या थंड उंचीवर ४० डीबीझेड (परावर्तनाचं माप; नकाशातले रंग याचेच) दिसले, तर तिथे गारकण भरपूर किंवा मोठे आहेत असं धरायला हरकत नाही.

नियम असा: उणे १० अंशाच्या पातळीवर ४० डीबीझेड पोचले की साधारण १० ते २० मिनिटांत पहिली वीज. नागपूरचं उदाहरण घ्या. पहाटे साडेपाचच्या सुमाराच्या हवामान बलूनच्या नोंदीतून त्या दिवशीची उणे १० अंशाची पातळी काढायची. मेमध्ये ती साडेसहा किलोमीटरच्या आसपास येते. मग रडारच्या चित्राचा त्या उंचीवरचा आडवा छेद तपासायचा. उंबरठा ३५ वर आणला तर मिनिटं वाढतात, पण खोटे इशारेही वाढतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ बळी गेले. शेतात माणसं असतील तर खोटा इशारा परवडतो.

खरी अडचण वेळेची. ॲंटेना खालून वर एकेका कोनात उचलत सगळे कोन फिरून पूर्ण व्हायला रडारला सुमारे १० मिनिटं लागतात, म्हणजे हाती असलेला अर्धा वेळ तिथेच जातो. म्हणून ४० ची वाट बघत बसू नये. मागच्या फेरीत ४ किलोमीटरवर असलेला जोरदार परावर्तनाचा गाभा या फेरीत साडेपाचवर गेला असेल तर तेवढ्यावर सावध व्हावं.

अंतरही फसवतं. रडारची एक अंश रुंदीची किरणशलाका २०० किलोमीटरवर साडेतीन किलोमीटर जाड होते. साडेसहा आणि आठ किलोमीटर उंचीतला फरक तिला कळत नाही. उलट रडारच्या अगदी जवळ, वरचा कोन २० अंशांपर्यंतच असेल तर १८ किलोमीटरच्या आतली ती पातळी दिसतच नाही. शून्य अंशाजवळ वितळणारा बर्फही खोटी चमक देतो. पातळी चुकून खाली धरली तर हाच पट्टा विजेचा इशारा वाटतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप प्रत्यक्ष पडलेल्या विजांच्या नोंदींवर चालतं. पहिल्या विजेआधीची मिनिटं मात्र रडारच देऊ शकतं, म्हणून दोन्ही लागतात. ढग विरू लागला, रंग फिका पडला तरी माथ्यावर पसरलेल्या थरातून वीज पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आसऱ्यातच थांबावं.

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर रडारचं ‘मॅक्स झेड’ (सर्वाधिक परावर्तनाचं) चित्र उघडलंत तर नकाशाच्या वरच्या आणि उजव्या बाजूच्या पट्ट्या उंची दाखवतात. आधी त्या बघा. चित्रावर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवा, नाहीतर ताजंच चित्र जुनं समजाल.