सातेरीची पेटी: जांभळापासून पावसाळ्यापर्यंत

(महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरी भागात सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, पेटीत पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

मार्चमध्ये जांभूळ फुलू लागतं, पाठोपाठ हिरडा आणि गेळा. वर्षाचा बराचसा मध याच दिवसांत येतो आणि पोळं फुटण्याची (राणीसह निम्म्या माश्या उडून जाण्याची) भीतीही याच सुमारास. फेब्रुवारीपासून दर आठ दिवसांनी शिशुकोठी (अंडी-पिल्लांचा खालचा कप्पा) तपासा. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेसारखं लोंबणारं राणीघर (नवी राणी वाढते ते घर) दिसलं की लगेच मोडू नका. आधी ताजी अंडी आहेत का ते पाहा. नसतील तर जुनी राणी गेलेली असू शकते, आणि ते घर मोडलंत तर पेटी बिनराणीची होईल. अंडी असतील तर दाटी कमी करा: मधुकोठी (मधाचा वरचा कप्पा) चढवा किंवा वसाहत विभागा.

मध काढायचा तो मधुकोठीतलाच, आणि पोळ्याची तीन चतुर्थांश घरं मेणानं बंद झाल्यावर. उघड्या घरांतला मध पातळ असतो, बाटलीत आंबतो. शिशुकोठीतल्या मधाला हात लावू नका. जुलैत माशी त्यावरच जगते.

पावसात रिकाम्या होणाऱ्या पेट्या आम्ही पाहतो, त्यांत रोगापेक्षा उपासमार जास्त असते. मधाचा साठा हाताला हलका लागला तर 1 किलो साखर 1 लिटर कोमट पाण्यात विरघळवून, थंड करून द्या. आठवड्याला पेटीमागे साधारण 200 ग्रॅम साखर पोटात जाईल इतका पाक. वाटीत काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. पाक संध्याकाळीच, आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी. दिवसा सांडलेल्या थेंबावरून शेजारची वसाहत लूटमार सुरू करते. गूळ नको, माश्यांना हगवण लागते.

मेमध्येच पेटी पुढे किंचित कलती करा, दार अरुंद करा, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. ज्यांवर माश्या बसलेल्या नाहीत ती पोळी काढून घ्या. मेणकिडा (पोळं खाणारी पतंगाची अळी) तिथेच शिरतो. तळपाटावर (पेटीच्या तळाच्या फळीवर) काळपट दाणेदार विष्ठा आणि पोळ्यात कोळ्यासारखी जाळी दिसली तर तो आलाच. तळपाट आठवड्याला खरवडा. दुर्लक्ष झालं तर सातेरी भांडत बसत नाही, घर सोडून जाते.

कारवी या डोंगरी झुडपाच्या फुलोऱ्याची वाट पाहू नका. ती सात वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते. मधल्या वर्षांत ऑगस्टमध्येही पाक चालू ठेवावा लागतो.