मिरची खुळखुळली पाहिजे

कुंडीतली मिरची पोत्याने येत नाही. आज दहा लाल होतात, चार दिवसांनी आणखी पंधरा. त्या घरात पसरायच्या, सुरकुतल्या की आधीच्या वाळलेल्या मिरच्यांच्या बरणीत टाकायच्या, आणि नासाडी नेमकी इथून सुरू होते. बंद बरणीत ओल्या मिरचीतलं पाणी हवेत उतरतं आणि कोरड्या मिरच्या ते शोषून घेतात. दोन ओल्या मिरच्या बरणीभर मिरच्या मऊ करतात.

मिरची वाळायला इतकी चिवट का? तिची चकाकी म्हणजे मेणचट थर आहे. तो पाणी सहजी बाहेर सोडत नाही, म्हणून बरीचशी वाट देठाकडूनच. त्यात मिरची आतून पोकळ. साल कडक झाली तरी आतली हवा दमट राहते. पहिल्या वर्षी मी अख्ख्याच मिरच्या वाळवल्या होत्या. वरून लालभडक, फोडल्यावर बियांवर करडी बुरशी. सगळ्या टाकून दिल्या आणि ते योग्यच होतं, कारण अशा बुरशींपैकी काही अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात. ते भाजून किंवा फोडणीत तळून पुरतं जात नाही. तेव्हापासून जाड मिरचीला मी उभी चीर देते. लवंगीसारखी बारीक मिरची मात्र अख्खी वाळते.

वाळली की नाही, हे काटा नेमकं सांगतो. ताज्या लाल मिरचीत ७५ टक्के पाणी धरलं, तर किलोभर मिरचीत कोरडा भाग उरतो २५० ग्रॅम. साठवणीसाठी ओलावा ११ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे किलोचे साधारण २८० ग्रॅम व्हायला हवेत. काटा नसेल तर कानाशी हलवा: बिया खुळखुळल्या पाहिजेत, आणि वाकवल्यावर मिरची कडकन मोडली पाहिजे. तरीही आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवून पाहा. काचेवर दव दिसलं, की पुन्हा ताटात.

ऊन किती द्यावं? मिरचीचा लाल रंग मुख्यतः कॅप्सँथिनचा. गाजराच्या रंगाच्या कुळातलं हे द्रव्य उजेड आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे विरत जातं. तिखटपणा देणारं कॅप्सायसिन त्या मानाने बरंच टिकाऊ. म्हणूनच जुनं तिखट फिकट दिसतं, पण जीभ भाजायची तेवढी भाजतंच. (कॅप्सायसिन तयार होतं ते बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत, बियांत नव्हे.) मी दोन-तीन दिवस कडक ऊन देते, मग सुई-दोऱ्याने देठातून माळ ओवून सावलीत, वाऱ्याला टांगते. नव्या तोड्याची माळ वेगळी.

हिरव्या मिरचीत हा लाल रंग अजून आलेलाच नसतो, वाळून ती पांढुरकी होते. तिची सांडगी मिरची करावी. मीठ तिच्यातलं पाणी ओढून काढतं, दह्याची आंबट धार जिवाणूंना रोखते.

उरतात ते बारीक तपकिरी भुंगेरे. त्यांची अंडी मिरचीबरोबरच घरात येतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पूर्ण वाळलेली मिरची घट्ट पिशवीत भरून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली, की अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीइतकी गरम होऊ द्या, नाहीतर हवेतलं बाष्प थंड मिरचीवर दव होऊन बसतं.