गोदावरीची काळी वाळू : लोहचुंबकाची पार्श्वभूमी

उन्हाळ्यात गोदावरीचे पाणी ओसरले, की नाशिकच्या मुलांना लोहचुंबकाचा अभ्यास नदीकाठीच सुरू करता येतो. जुन्या स्पीकरमधले चुंबक कागदात गुंडाळून कोरड्या वाळूतून फिरवावे. कागदाला बारीक काळे कण चिकटतात, दाढीच्या खुंटांसारखे उभे राहतात आणि आतले चुंबक काढून घेताच खाली गळतात. (कागद मात्र विसरू नये, कारण उघड्या चुंबकाला चिकटलेले कण निघता निघत नाहीत.) यातले बरेचसे कण मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे असतात आणि ते सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टमधून, झिजून आलेले असतात. माणसाला चुंबकत्वाची पहिली ओळख झाली तीही याच खनिजाच्या खड्यांमुळे.

चुंबकदगडावर घासलेली सुई दक्षिण दिशा दाखवते, मात्र किंचित पूर्वेकडे कलते, अशी नोंद चीनमधील शेन कुओ यांनी १०८८ च्या सुमारास केली. ती अशी का वागते, याचे पटणारे उत्तर मिळायला १६०० साल उजाडावे लागले. इंग्लंडचे वैद्य विल्यम गिल्बर्ट यांनी चुंबकदगडाचा गोळा घडवून त्याभोवती लहानशी सुई फिरवली. ती पृथ्वीवरच्या सुईसारखीच वागते हे पाहून, पृथ्वी स्वतःच एक चुंबक आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

चुंबकत्वाचे मूळ अणूत आहे. लोखंडाचा प्रत्येक अणू चिमुकल्या चुंबकासारखा असतो आणि शेजारचे असंख्य अणू एकाच दिशेला तोंड करून गट बनवतात. साध्या खिळ्यात या गटांच्या दिशा विखुरलेल्या असल्याने परिणाम एकमेकांना मारतो; चुंबक जवळ आणले की त्या जुळतात आणि खिळा ओढला जातो. खूप तापवले, तर ही जुळणी मोडते.

नाशिककरांना विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट इथेच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हापासून ब्रह्मगिरीसारखे डोंगर बनले, तो निवत गेला तसे त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांत (शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये ही जुळणी मोडण्याचे तापमान सुमारे ५८० अंश सेल्सिअस आहे) पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची गोठली. १९५० च्या दशकात लंडनच्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या पाषाणातला हा कल मोजला, तेव्हा हा लाव्हा वाहत असताना भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असे दिसून आले. आज नाशिक २० अंश उत्तरेला आहे. भूखंड सरकतात या मताला त्यातून मोठे बळ मिळाले.

विजेचा आणि चुंबकाचा संबंध त्यामानाने अलीकडे कळला. विजेच्या तारेजवळ चुंबकसुई हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. विजेच्या ट्रामच्या प्रवाहाने ती बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये हे काम अलिबागला सुरू करण्यात आले.

ओर्स्टेड यांच्या शोधाच्या उलट वाट मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधली. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवले, तर तारेत वीज वाहू लागते. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातील जनित्र याच तत्त्वावर चालते. कोळशाच्या उष्णतेने तयार झालेल्या वाफेवर चक्र फिरते, त्याबरोबर जनित्रातला विद्युतचुंबक मिनिटाला ३००० फेरे घेतो, आणि त्यामुळेच आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा आपले चक्र पुरे करते.