कम्युनिटी कॉलेजचा ‘शिक्का’ पदवीवर बसत नाही

‘अमेरिकेत आधी कम्युनिटी कॉलेजला गेलात तर दोन वर्षं वाया जातात आणि पदवीही दुय्यम मिळते’, असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात. पण तो खरा नाही. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारं स्थानिक सरकारी कॉलेज.

तिथली बॅचलर पदवी साधारण १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेला अभ्यास मोजायचं एकक). त्यातली पहिली ६० कम्युनिटी कॉलेजात, बहुतेकदा बऱ्याच कमी फीमध्ये करून उरलेली चार वर्षांच्या विद्यापीठात पूर्ण करता येतात. पदवी देतं ते विद्यापीठ, त्यामुळे प्रमाणपत्रावर नाव त्याचंच. आपण ट्रान्स्फर होऊन आलो, हे त्यावर लिहिलेलं नसतं. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, मात्र आधीच्या कॉलेजची नोंद दिसू शकते, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

वेळ वाया जातो तो विषय चुकीचे घेतल्याने. समजा, इंजिनिअरिंगला जायचंय आणि कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स सोडून बीजगणितावरचं घेतलं. क्रेडिट कदाचित जमा होतील, पण मेजरसाठी, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयासाठी, ती सहसा धरत नाहीत आणि फिजिक्स पुन्हा करावं लागतं. मला वाटतं, हा गैरसमज अशाच अनुभवांतून पसरला असावा.

पडताळायचं कसं? कम्युनिटी कॉलेज आणि विद्यापीठ, दोन्हीच्या वेबसाइटवर ‘आर्टिक्युलेशन ॲग्रीमेंट’ शोधा. कॉलेजचा कुठला कोर्स विद्यापीठाच्या कुठल्या कोर्सच्या जागी चालतो, हे त्यात ओळीने दिलेलं असतं. आपलं मेजर त्यात सापडलं नाही, तर पहिल्या सेमिस्टरचे विषय ठरवण्याआधीच विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.