थंड इंजिन जास्त डिझेल पितं

जुना छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो, उन्हाळ्यात घाटात तापायला लागला, की गॅरेजमध्ये ठरलेला इलाज होतो: थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडच्या उन्हात तो हवाच कशाला! मग ॲव्हरेज उतरतं आणि खापर फुटतं डिझेल फवारणाऱ्या पंप-नोझलवर.

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप. त्याच्या पोटात मेण भरलेली छोटी धातूची डबी असते. इंजिन गार असेपर्यंत झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि कूलंट इंजिनातच फिरतं. साधारण ८२ अंश सेल्सिअसला मेण वितळून फुगतं, मधला दांडा रेटतं आणि स्प्रिंगच्या जोराविरुद्ध झडप उघडते. ना वायर, ना सेन्सर.

हा भाग नसला तर इंजिन, विशेषतः रिकाम्या फेरीत, नीट तापतच नाही. ऑइल घट्ट राहून घर्षण वाढतं. त्यात २००५ च्या टाटा एसचं ७०२ सीसी, दोन सिलिंडरचं इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं. आकारमानाच्या मानाने कप्प्याच्या भिंती जास्त, म्हणून उष्णताही जास्त निसटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटतं. भिंती गार असल्या की पेटायला उशीर होतो आणि काही डिझेल अर्धवट जळून पांढऱ्या धुरावाटे जातं. शिवाय बऱ्याच इंजिनांत झडप उघडताना बायपासही, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाटही, बंद होतो. झडप नसेल तर काही कूलंट रेडिएटर टाळून फिरत राहतं आणि भरल्या गाडीला चढावर उलट तापवतं. तापण्याचं मूळ चोंदलेल्या रेडिएटरमध्ये, ढिल्या बेल्टमध्ये किंवा रेडिएटरच्या कमजोर कॅपमध्ये शोधा.

तपासणी सोपी आहे. गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप काही मिनिटं गार राहून मग झपाट्याने तापला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. काढलेला भाग तपासायचा तर झडपेच्या फटीत दोरा अडकवून पातेल्यातल्या पाण्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका. पाणी तापवताना तो सुटून पडेल तेव्हाचं तापमान थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

डिझेलच्या पाइपवर बांधायच्या 'इंधन वाचवणाऱ्या' चुंबकाने काही होत नाही. बंपरवरच्या लिंबू-मिरचीचा निदान ॲव्हरेजचा दावा तरी नसतो.

बाकी टायरची हवा गार असताना भरा आणि चाकाचा एखादा ब्रेक-ड्रम इतरांपेक्षा जास्त तापतोय का बघा. ब्रेक धरत असेल. ताशी ६० ऐवजी ८० किमीने गेलात तर हवेचा विरोध पावणेदोन पटींवर जातो, आणि ताडपत्री फडफडत असेल तर त्याहूनही जास्त.