टिश्यू कल्चरने रोझमेरी, ब्राह्मी करायचीय? मुंबईत कुठले कागद लागतात ते आधी बघा

"टिश्यू कल्चरचं लायसन कुठे काढतात?" हा प्रश्न (टिश्यू कल्चर म्हणजे झाडाचा छोटा तुकडा बाटलीत, जंतू न शिरू देता वाढवून त्यापासून पुष्कळ रोपं करणं) मला सारखा येतो, आणि खरं सांगायचं तर असं एकच लायसन नसतंच. तुम्ही विकणार काय, बाटलीतलं रोप, कुंडीतलं रोप, ताजी पानं का वाळवून केलेली पावडर, त्यावर सगळे कागद बदलतात. आम्ही दोघं भांडुपला एका गाळ्यात छोटी लॅब चालवतो, त्यातून जे कळलंय ते लिहितेय.

आधी झाड ठरवा, कागद नंतर. तुळशीला टिश्यू कल्चर करणारे लोक बघितले की मला हसू येतं, ती बियांनी ढिगाने येते, आणि पुदिन्याची काडी तर ग्लासभर पाण्यातसुद्धा मुळं धरते. स्टीव्हियाचं बी मात्र नीट रुजत नाही, रोझमेरी बियांनी फार रडवते, ब्राह्मी आणि सफेद मुसळीत एकसारखी रोपं हवी असतील तर बाटलीचा खर्च परवडू शकतो. काम तेच, एमएस मीडियम (बाटलीतल्या रोपाचं खाद्य), लिटरला ३० ग्रॅम साखर, पीएच ५.८, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं भांडं) १२१ डिग्रीला, आणि पावसाळ्यात बुरशी! पहिल्या जुलैत आमच्या निम्म्या बाटल्या पांढऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे बँकेला दाखवायच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नासाडी धरा, शंभरातल्या शंभर बाटल्या जगल्या असं लिहू नका.

आता जागा. राहत्या फ्लॅटमध्ये शिकण्यापुरतं ठीक आहे, धंदा करायचा तर गाळा घ्या आणि लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करून घ्या, पुढच्या प्रत्येक अर्जाला तोच कागद मागतात. मग गुमास्ता, म्हणजे दुकानाची सरकारी नोंद. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी माणसं असतील तर (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती) रजिस्ट्रेशन नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, तिला फॉर्म एफ म्हणतात. आधार, पॅन, जागेचा पुरावा आणि बोर्डाचा फोटो तयार ठेवा, आणि बोर्ड मराठीत देवनागरीत हवा, छोट्या दुकानालासुद्धा २०२२ पासून सूट नाही. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची केंद्राकडची नोंदणी) फुकट आहे, कागद अपलोड करायचे नसतात, आधार आणि पॅनवर होतं. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारा एजंट भेटला तर नमस्कार करून निघा. फक्त एनआयसी कोड (धंद्याचा प्रकार सांगणारा नंबर) टाकताना सीएला एकदा विचारा.

जीएसटीबद्दल लोक उगाच घाबरतात. जिवंत रोपांवर कर शून्य आहे, आणि तुम्ही फक्त करमुक्त मालच विकत असाल तर रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. इतर माल विकलात तर महाराष्ट्रात वस्तूंसाठी वर्षाला ४० लाखांची मर्यादा धरा.

हॉटेलला ताजी बेसिल, थाइम पुरवायला लागलात की ते अन्न झालं, मग एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) फॉसकॉस पोर्टलवर जायचं, रजिस्ट्रेशन का लायसन हे उलाढालीवर ठरतं. आणि ब्राह्मीची पावडर करून "स्मरणशक्ती वाढवते" असं लेबल लावायचं मनात असेल तर तो वेगळाच रस्ता, ते आयुर्वेदिक औषध ठरतं आणि त्याला एफडीएचं (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं) उत्पादन लायसन लागतं, अर्ज फॉर्म २४-डी, मिळतं ते २५-डी. आम्ही म्हणूनच रोपंच विकतो, पावडरीच्या नादाला लागत नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो, तर सरकारी सर्टिफिकेटमध्ये. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची एनसीएस-टीसीपी म्हणून टिश्यू कल्चरच्या रोपांना सर्टिफिकेट देणारी योजना आहे, २००६ पासून, १९६६ च्या बियाणे कायद्याखाली. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे तुमच्या लॅबला मान्यता, दुसरी म्हणजे रोपांच्या बॅचचं सर्टिफिकेट. मान्यतेसाठी अर्जासोबत लॅबचा नकाशा, मशीनची यादी, माणसांचं शिक्षण, उत्पादनाचा हिशोब, आणि मातृरोपं (ज्यांचे तुकडे घेऊन रोपं करता ती मूळ झाडं) आणली कुठून हे द्यायचं, मग टीम येऊन बघते. मान्यता दोन वर्षांची असते, नंतर नूतनीकरण. बॅचचं सर्टिफिकेट हवं तर मान्यताप्राप्त टेस्टिंग लॅबमध्ये नमुने जातात, व्हायरस नाही ना आणि रोपं मूळ झाडासारखीच आहेत ना हे तपासतात. गंमत म्हणजे ही योजना केळी, ऊस, बटाट्यासारख्या पिकांभोवती उभी राहिलीय, स्वयंपाकघरातल्यांपैकी व्हॅनिला आणि मिरी त्यात आहेत. म्हणून फी भरण्याआधी तुमचं झाड यादीत आहे का ते बघा. फक्त नर्सरीवाल्यांना ब्राह्मी विकायची असेल तर ह्याच्या मागे धावायची मला तरी गरज वाटत नाही. मातृरोपांचं रजिस्टर मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, तारीख, कुठून आणलं, बिल, सगळं.

बिल जपायचं अजून एक कारण. जैवविविधता कायद्यात २०२३ ला बदल झाला, लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना सूट मिळाली, पण त्यासाठी मूळ ठिकाणाचा दाखला लागतो, तो स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदींवर चालतो. महापालिकेसारखंच या समितीलाही लोक बीएमसीच म्हणतात, मुंबईत त्यावरून किती घोळ होतो विचारू नका. जंगलातून उपटलेलं झाड मातृरोप म्हणून घेऊ नका. सर्पगंधा तर साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, परदेशी पाठवायचं म्हटलं की परवानग्यांचा वेगळा फेरा.

बाहेरून रोपं किंवा कल्चर मागवायचं असेल तर माल निघायच्या आधी इम्पोर्ट परमिट हवं, आणि पाठवणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोपांवर रोग-कीड नसल्याचा दाखला). मुंबईतलं प्लांट क्वारंटाइन केंद्र (बाहेरून आलेली रोपं तपासतात ते) शिवडीला हाजी बंदर रोडवर आहे. कुरिअरने गपचूप मागवलेली बाटली पकडली गेली तर नष्ट होते, पैसे गेले समजा.

कर्जाचं बघायचं तर कृषी पायाभूत सुविधा निधी, एआयएफ, त्यात टिश्यू कल्चर बसतं. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत, जास्तीत जास्त सात वर्षं. पोर्टलवर डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), केवायसी, जागेचे कागद, स्थानिक परवानग्या, असतील तर तीन वर्षांचे आयटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट लागतं, मुदत चालू आहे ना ते आधी तपासा. पोर्टलवर मंजुरी म्हणजे कर्ज नाही, ते शेवटी बँकेच्या हातात. आमची फाइल एका बँकेने परत केली कारण ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं होतं, मालकाला पाच वर्षांसाठी तयार करायला दोन महिने आणि बरेच चहा गेले.

शेवटचं, छोटं वाटतं पण अडकवतं. इथेनॉल महाराष्ट्रात एक्साइजच्या (उत्पादन शुल्क खात्याच्या) कक्षेत येतं, परवान्याशिवाय साठवू नका. चिमटे आणि टेबल पुसायला ७० टक्के आयसोप्रोपिल चालतं, प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं, फक्त बर्नर पेटता असताना फवारू नका.