पडद्यावरचे अणुयुद्ध आणि वीस वर्षे डब्यात पडलेला चित्रपट

३१ जुलै १९८५ रोजी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘द वॉर गेम’ हा अणुयुद्धावरचा चित्रपट दाखवला गेला आणि दुसऱ्याच रात्री त्याच विषयावरच्या ‘थ्रेड्स’चे पुनःप्रसारण झाले. निमित्त हिरोशिमाला चाळीस वर्षे होत असल्याचे. ‘थ्रेड्स’ जेमतेम वर्षभराचा होता. ‘द वॉर गेम’ मात्र १९६५ सालीच तयार होऊन डब्यात पडला होता. अणुयुद्धावरच्या नव्या चित्रपटाची चर्चा निघाली की आज तुलना होते ती ‘थ्रेड्स’शी. त्याची वाट ज्याने पाडली, त्याच्या वाट्याला मात्र फारसा प्रेक्षक आला नाही.

त्याआधीही पडद्यावर अणुबॉम्ब येऊन गेला होता. १९५४ मध्ये जपानने तो समुद्रातून वर येणाऱ्या गॉडझिला या राक्षसाच्या रूपात दाखवला. १९५९ च्या ‘ऑन द बीच’मध्ये जग संपते, पण रस्ते फक्त ओस पडतात, भाजलेले एक शरीरही दिसत नाही.

‘द वॉर गेम’ने हा सोवळेपणा सोडला. लांबी पाऊण तासाच्या आसपास, रंग कृष्णधवल, हातात धरलेला हलता कॅमेरा, केंट परगण्यातली साधी माणसे नट म्हणून घेतलेली आणि बातमीपटाच्या थाटातले निवेदन. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत ड्रेस्डेन, हॅम्बुर्ग, हिरोशिमा येथे जे प्रत्यक्ष घडले तेच इंग्लंडच्या गावात आणून ठेवलेले. स्फोटाच्या लखलखाटाने डोळे गेलेले मूल, वाचण्यापलीकडे भाजलेल्यांना गोळ्या घालणारे पोलीस, अन्नासाठी दंगल, मग गोळीबार पथकासमोर उभी केलेली माणसे. आणि एक बादली: मृतांची ओळख पुढे पटावी म्हणून त्यांच्या बोटांतून काढलेल्या लग्नाच्या अंगठ्यांनी भरलेली. कॅमेरा बादलीवर कुठलेही पार्श्वसंगीत न लावता जातो, म्हणून ती प्रेतांच्या ढिगापेक्षा जास्त अंगावर येते.

नोव्हेंबर १९६५ मध्ये, हा चित्रपट बनवणाऱ्या बीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेनेच तो दाखवायचा नाही असे जाहीर केले. कारण दिले ते असे की, घरोघरी पोचणाऱ्या माध्यमासाठी तो फारच भयंकर आहे. एकटे राहणारे, वृद्ध, मनाने कमकुवत लोक तो पाहतील त्याचे काय? निर्णय आमचा आम्ही घेतला, बाहेरचा दबाव नव्हता, हेही आवर्जून सांगितले. न विचारताच दिलेला हा खुलासा तेव्हाही अनेकांना खटकला होता.

पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून निघाले ते असे. सप्टेंबरमध्येच हा चित्रपट सरकारच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना खासगीत दाखवला गेला होता. संस्थेचा अध्यक्ष हा पूर्वी बरीच वर्षे मंत्रिमंडळाचा सचिव राहिलेला; युद्ध झालेच तर राज्यकारभार कसा चालवायचा, याची आखणी त्याच्या परिचयाची. चित्रपट दाखवला तर देशाच्या अण्वस्त्र-धोरणाकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलू शकते, असे त्याने स्वतःच सरकारला लिहून कळवले होते. म्हणजे काळजी एकट्या म्हातारीच्या काळजाची जेवढी होती, तेवढीच, बहुधा त्याहून जास्त, मतदाराच्या डोक्याची होती. सरकारने निर्णय संस्थेवर सोडला आणि स्वतः नामानिराळे राहिले. अभ्यासकांत अजून दोन तट आहेत: एक याला सरळ सेन्सॉरशिप म्हणतो, दुसरा म्हणतो की संस्थेच्या वरिष्ठांना चित्रपट खरोखरच झेपला नाही. दुसरा तट पुरावे देतो, पण ते पत्र काही पुसले जात नाही.

दिग्दर्शक नोकरी सोडून गेला. फेब्रुवारी १९६६ मध्ये निमंत्रितांसाठी लंडनमध्ये खास खेळ झाला. बऱ्याच वृत्तपत्रांनी संस्थेचीच बाजू घेतली. सिनेमागृहांत आणि शांतता-चळवळीच्या सभांत चित्रपट फिरत राहिला, १९६७ मध्ये त्याला ऑस्करही मिळाले, तेही माहितीपटाचे. न घडलेल्या युद्धाचा माहितीपट!

१९८० मध्ये ब्रिटिश सरकारने नागरिकांसाठी एक पुस्तिका विक्रीला काढली. तिच्यातला सल्ला असा: घरातले दरवाजे बिजागऱ्यांवरून काढून भिंतीला तिरके टेकवा, वर मातीने भरलेल्या पिशव्या रचा, खिडक्यांना पांढरा रंग द्या. घरात कोणी मेलेच तर प्रेत गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘थ्रेड्स’ने ही पुस्तिका जणू पटकथेत ओतली. शेफिल्डमधले एक साधे कुटुंब अगदी तसेच दरवाजे टेकवते, आणि त्या आडोशाचा उपयोग किती होतो ते आपण पाहतो. नगरपालिकेची आणीबाणी समिती इमारतीच्या तळघरात अडकते. फोनवर फोन, नकाशे, आपसांत भांडणे आणि शेवटी गुदमरणे. अणुस्फोटानंतर सूर्य झाकला जाऊन थंडी पडेल, हा तेव्हा ताजा असलेला शास्त्रीय सिद्धान्त त्यात आला आणि कथा हल्ल्यानंतर तेरा वर्षे पुढे गेली. बॉम्ब पडल्यावर चित्रपट संपत नाही, हीच त्याची खरी भीती.

‘थ्रेड्स’च्या आदल्या वर्षी, २० नोव्हेंबर १९८३ ला, अमेरिकेत दूरचित्रवाणीवर ‘द डे आफ्टर’ हा अणुयुद्धाचाच चित्रपट सुमारे दहा कोटी लोकांनी पाहिला. स्फोटानंतर एकही जाहिरात नव्हती. प्रत्यक्ष परिणाम याहून वाईट असतील, अशी पाटी शेवटी होती, आणि लगेच तज्ज्ञांची चर्चा. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो आधीच पाहून आपल्याला फार उदास वाटल्याचे रोजनिशीत लिहिले. यावरून १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत क्षेपणास्त्र कराराचे श्रेय या चित्रपटाला देणारे लेख दरवर्षी निघतात. एका रोजनिशीवर एवढा मोठा करार तोलणे जरा जास्तच होते.

आपल्याकडचे पडद्यावरचे अणुप्रकरण बहुतेक पोखरणच्या वाळूत घडते आणि चाचणी यशस्वी झाली की टाळ्यांवर संपते. बॉम्ब पडल्यावर पुण्यात किंवा लाहोरमध्ये पाणी कोण सोडणार, हे त्यात कुणी विचारत नाही. पाश्चात्त्य पडद्यावरही अलीकडचा कल दाखवण्यापेक्षा टाळण्याकडे आहे: २०२३ च्या ‘ओपेनहायमर’ या गाजलेल्या चरित्रपटात हिरोशिमा दिसतच नाही. ‘थ्रेड्स’ मात्र चाळीस वर्षे झाली म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच बीबीसीने पुन्हा दाखवला.